परत आलेला सागो पाम

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा ते सव्वाबारा या वेळात, शहापुरातल्या माझ्या घराच्या मागच्या पडवीत सागो पामची कुंडी बदलली. हजर दोघे होतो. मी आणि माझ्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ. तो टोकावड्याच्या पुढच्या एका वाडीतून, सरळगावला गाडी बदलून आला होता. कोयता त्याने स्वतःचा आणला होता. माझ्याकडे कोयता आहे हे त्याला माहीत होते.

कुंडी बदलणे हे निमित्त होते. त्याच्याकडे दहा महिने ठेवलेले झाड आणि त्याने परत आणून दिलेले झाड एकच आहे का, हे मला पाहायचे होते. मला तसा संशय आहे, हे तोपर्यंत त्यालाही कळले होते.

झाडाचा इतिहास थोडक्यात असा. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. महामार्गावरच्या एका नर्सरीतून तिने ते आणले तेव्हा खोड कांद्याएवढे होते आणि पाने दोन. नर्सरीवाला त्याला सायकस म्हणाला, ती सागो पाम म्हणायची. शेजारणी साबुदाण्याचे झाड म्हणत. दर वेळी ती सांगे की याचा साबुदाणा होत नाही, हे विषारी आहे, गुराढोरांच्या तोंडी लागू देऊ नका. हे झाड सावकाश वाढते. वर्षातून एकदा मधोमध कोवळी पाने एकदम उगवतात, आठवडाभरात सगळी उघडतात आणि पुढे वर्षभर काही घडत नाही. एकोणीस वर्षांत खोड दीड वीत झाले. पानांची टोके काट्यासारखी. जवळून जाताना माझ्या लेंग्याला ती दररोज अडकत.

कुंडी तिने शेवटची बदलली त्याला आता सहा वर्षे झाली. त्या दिवशी सकाळी माझ्या हातून तिचा चहाचा कप फुटला होता. पांढरा, काठाला निळी रेघ. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापर ठेवतात. तिने खापराऐवजी त्या कपाचे तीन तुकडे ठेवले. झाड धरायला वाकण्याआधी मी मोबाईलवर फोटो काढला. रिकामी सिमेंटची कुंडी, तळाला तीन पांढरे तुकडे, एकावर निळी रेघ. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. फोटो माझ्याकडे आहे.

मागच्या वर्षी जानेवारीत दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मी मुलीकडे पुण्याला गेलो. घर बंद राहणार होते. पत्नीच्या माहेरी आता तिचा हा एकच भाऊ. भातशेती, तीन शेळ्या, मुलगा मुरबाडला कामाला, सून घरी. झाड त्याच्याकडे ठेवायचे मीच सुचवले. तो टेम्पो घेऊन आला. झाड चढवण्यापूर्वी मी पाने मोजली. तेवीस. खोडाच्या बुंध्याला बाजूने फुटलेली तीन पिल्ले, सर्वात मोठे लिंबाएवढे. हेही लिहून ठेवले. सवय आहे. तीस वर्षे तालुक्याच्या बातम्या लिहिल्या. सूत्र एकच असेल तर बातमी थांबवायची, हे पहिल्याच वर्षी शिकलो.

पुण्याहून मी त्याला महिन्यातून एकदा फोन करत होतो. फेब्रुवारीत तो म्हणाला, "पानं जरा पिवली पडल्यात." एप्रिलमध्ये म्हणाला, "झाड मस्त हाय." मे महिन्यात मी फोटो मागितला. मोबाईलचा कॅमेरा चालत नाही, असे उत्तर आले. जूनमध्ये म्हणाला, "शेलीनं थोडी पानं खाल्ली, दाजी. नवी येतील." त्यावर मी शेळीची चौकशी केली. शेळीने सागो पामची पाने खाल्ली असती तर ती आजारी पडायला हवी होती. चार दिवसांनी सुनेशी बोलताना सहज विचारले. तिन्ही शेळ्या धडधाकट होत्या आणि एक गाभण होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी शहापूरला परतलो. त्याच आठवड्यात त्याने झाड आणून दिले. सिमेंटची कुंडी नव्हती. अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपात झाड होते. पाने अकरा, सगळी आखूड आणि एका वयाची. जुने एकही पान नव्हते. पिल्लू एक. खोड काळे होते, हात फिरवला की बोटांना काळे लागत होते.

"पानं कुठं गेली?" मी विचारले.

"उन्हानं गेली."

"शेळीनं खाल्ली म्हणाला होतास."

"थोडी शेलीनं, थोडी उन्हानं."

"आणि कुंडी?"

"फुटली. टेम्पोवाल्यानं आपटली." टेम्पोवाला चार पावलांवर बिडी ओढत होता. त्याने मान वळवून पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केले. चहा घेऊन दोघे निघून गेले.

डिसेंबरभर ते झाड पडवीत होते. मी पाणी घालत होतो आणि फोटोशी ताडून पाहत होतो. सागो पामच्या खोडावर जुन्या पानांच्या देठांचे खुंट राहतात, त्यांच्या ओळी ओळखीच्या होतात. इथे खुंट जळाल्यासारखे बोथट झाले होते, ओळख पटण्यासारखे काही उरले नव्हते. टोकावड्याच्या रस्त्याला फार्महाऊस वाढली आहेत आणि त्यांच्या फाटकांशी जुने सागो पाम लावायची पद्धत आली आहे, हे मला ठाऊक होते. मोठ्या झाडाला गिऱ्हाईक असते. बहिणीचे झाड त्याने देऊन टाकले आणि नर्सरीतून लहान आणून मला दिले, हे शक्य होते. ती गेल्यावर तिच्या माहेरचा माझा संबंध या एका माणसापुरता उरला होता. तो खोटे बोलत होता एवढे नक्की होते. कशाबद्दल, ते माहीत नव्हते.

जानेवारीच्या अखेरीस मी टोकावड्याच्या बाजूला गेलो. त्याच्याकडे गेलो नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी राबाची तयारी दिसत होती. आमच्या भागात भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे, तिथे उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत आणि वरून मातीचा थर देतात आणि पेटवतात. हा राब. मार्च-एप्रिलमध्ये तो भाजतात, पाऊस पडला की त्या राखेत भात पेरतात, आणि जुलैत ती रोपे उपटून चिखलात लावली की आवणी झाली. जानेवारीत फांद्या नुसत्या रचून ठेवलेल्या होत्या. दूर सिद्धगडाची बाजू धुरकट होती.

एका फार्महाऊसच्या फाटकाशी सहा सागो पाम होते. रखवालदार खुर्ची घेऊन सावलीत बसला होता.

"कुनाकडं?"

"कोणाकडे नाही. झाडं बघतोय."

"बघा. हात लावू नका, टोचतात."

"कुठून आणली?"

"पाच कल्यानकडून आली. ते शेवटचं हितलंच."

"इथलं म्हणजे कोणाचं?"

"त्ये मालकाला म्हाईत. गावातनंच कोनी दिलं. जुनं झाड हाय म्हनं."

"कधी आणलं?"

"पावसाच्या आधी." मग त्याने माझ्या काठीकडे पाहिले. "तुमी कुठले?"

"शहापूरचा."

"शहापूरला कुनाचे?"

मी सांगितले नाही. सहाव्या झाडाचे खोड वीतभरापेक्षा जास्त होते. पाने एकोणीस. पिल्ले दोन. माझ्या नोंदीत तीन होती. मी तिथे दहा मिनिटे होतो. तिथून मेहुण्याचे घर दीड किलोमीटर आहे. मी सरळगावची गाडी पकडून परत आलो.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"दाजी, फारमहाऊसला गेलेलात?"

"हो."

"काठी टेकत गेलात म्हनं."

रखवालदार त्याच्या सुनेच्या माहेरचा निघाला.

"तिथनं माझं घर किती लांब हाय?"

"उशीर झाला होता."

"झाडं मोजायला टाइम होता," तो म्हणाला. मागे शेळीची घंटा वाजत होती. "रविवारी येतो. ताय पाच-सहा वर्षांनी कुंडी बदलायची ना? बदलून टाकू."

कुंडी बदलायचा विषय मी काढलेला नव्हता. तो त्याने काढला, ही नोंद मी केली. तळाच्या तुकड्यांबद्दल मी त्याला कधीच सांगितलेले नव्हते. तेव्हाही सांगितले नाही.

तर रविवार. मी मोठी मातीची कुंडी आणून ठेवली होती. दोन घमेली रेती, एक लाल माती, एक शेणखत. त्याने मिश्रण हातात घेऊन दाबले आणि सोडले. ते सुटले. "बरं हाय," म्हणाला. पाने वर गोळा करून त्याने आपल्या गमछ्याने बांधली, झाड मोळीसारखे दिसू लागले. मग कोयत्याने पिंप वरून खाली चिरले आणि प्लास्टिक दोन्ही बाजूंना फाकवले. मातीचा गोळा उभा राहिला.

वरची दोन बोटे माती लाल होती. तिच्याखाली बोटभर जाडीचा काळा थर, गोळ्याच्या चारी बाजूंनी सारखा. त्याखाली जुनी करडी माती.

"हे काळं काय आहे?"

"चुलीतली राख टाकली."

मी तो थर काठीच्या टोकाने उकरला. राख थोडी होती. कोळसे होते, करंगळीएवढ्या काड्या होत्या. एका काडीला अर्धवट जळालेले पान चिकटले होते. ऐनाचे पान ओळखू येते.

"चुलीत ऐनाचा पाला जाळता का?"

त्याने कोयता भिंतीला टेकवून ठेवला. पडवीच्या पायरीवर बसला.

"राब केला," म्हणाला.

"कुठं?"

"कुंडीत."

मी उभा होतो. तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

"तुमी गेलात आनि पिवलं पडाय लागलं. खालनं एकेक पान. पानी घातलं, सावलीत ठेवलं, उन्हात ठेवलं. शेल्या लागतील म्हनून मांडवावर चढवलं. ताय सांगायची ना, इख असतं म्हनून. काय केल्या नवं पान नाय. तायची एकच वस्तू माझ्या दारात आली ती माझ्या हातनं मरनार. आमाला काय येतं? रोप धरत नाय तिथं राब नीट भाजायचा, एवढंच येतं. होली झाल्यावर शेन घातलं, ऐनाचा टाल घातला, वरनं माती दाबली. थोडाच केला. आनि वारा सुटला."

"पानं?"

"तेवीसच्या तेवीस. तासभरात." आकडा त्याला पाठ होता. टेम्पोत चढवताना मी तो मोठ्याने उच्चारला असेन. "मंग कुंडी फुटली, ठो करून. दोन पिल्लं भाजली. सून बाहेर आली, म्हनली, बाबा, झाडाचं बारसं करताय का बारावं?"

"मग?"

"मंग काय. पिंप कापला, जशीच्या तशी माती उचलून त्यात बसवली. काला बुडखा नुसता. घरातली हसायची. मी रोज तांब्याभर पानी घालायचो, जास्त नाय. श्रावनात एक दिवस मधी केसाल केसाल काय दिसलं."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुमाला?" तो म्हणाला. "तुमी लिवून ठेवता."

माहिती जुळत होती. काळे खोड, आखूड पाने, एका वयाची, कुंडी, पिल्लू, टेम्पोवाल्याचे पाहणे. पण हे सगळे एकाच तोंडून आले होते, आणि त्या तोंडून वर्षभरात चार वेगवेगळी उत्तरे आली होती. भाजलेली माती दुसऱ्या झाडाचीही असू शकते. मी खाली बसलो. गुडघे नवे असल्याने मला जमिनीवर बसायला मनाई आहे. गोळा आडवा केला आणि तळाकडून मुळे सोडवू लागलो.

सागो पामची मुळे जाड असतात, वर पोवळ्यासारखे लाल गुच्छ येतात आणि तळाशी एकमेकांत वळसे घेतात. पहिली पाच मिनिटे काही लागले नाही. तो पायरीवरून बघत होता.

"एवढं नका सोडवू. मुलं दुखावतील."

"थोडंच."

"काय पडलंय का तुमचं?"

"नाही."

तो उठला, मगभर पाणी आणले आणि मी जिथे खणत होतो तिथे धार धरली. माती वाहून गेली. दोन मुळांच्या मधे पांढरे दिसले. मी बोटाने ते सुटे केले. कपाचा तुकडा, दोन इंच लांब, काठाचा. निळी रेघ. मूळ त्याच्याभोवती फिरून पुढे गेले होते, काढताना तुटले.

पाण्याचा मग त्याच्या हातात तसाच राहिला. तो तुकड्याकडे बघत होता.

"तायचा कप," म्हणाला.

"हो. सहा वर्षांपूर्वी तळाला ठेवला होता."

"तुमाला म्हाईत होतं."

"हो."

"म्हंजे मी सांगत होतो तेवा पन तुमाला हे शोधायचंच होतं."

मी हो म्हणालो. त्याने हातातला मग जमिनीवर ठेवला.

"बाकीचे शोधा," म्हणाला. "तीन असतील ना? आनखी दोन हायेत. एकावर भागंल का तुमचं?"

तीन असल्याचे मी त्याला सांगितले नव्हते. कप फुटला तर तीनच तुकडे होतात असे नाही. पत्नीने त्याला कधी सांगितले असेल, किंवा कुंडी फुटली तेव्हा दोन त्याने पाहिले असतील. मी विचारले नाही. बाकीचे दोन तुकडे मिळाले नाहीत.

पुढचे काम त्याने केले. माझा हात लागू दिला नाही. भोकावर त्याने तोच तुकडा परत ठेवला, त्यावर रेती, मग मिश्रण. झाड मधोमध धरले, खोडाचा बुडखा मातीच्या वर राहील असे बसवले, कडेने काठीने माती ठासली. तुटलेल्या मुळाला शेणखत लागू दिले नाही, तिथे रेती भरली. गमछा सोडला. अकरा पाने खाली आली. पिल्लू त्याने कोयत्याच्या टोकाने अलग केले आणि जखमेवर राख चोळली.

"चार दिवस पानी नाय घालायचं," म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हाईत असनार." मग पिल्लू गमछ्यात बांधले. "हे मी नेतो."

"ने. जेवून जा."

"सुनेनं भाकरी दिलीय."

सव्वाबाराला तो निघाला. जाताना झाडाच्या बाजूने गेला आणि त्याच्या विजारीला एक पान अडकले. ते त्याने टोचू न देता बोटांनी सोडवले. भाकरी त्याने शहापूरच्या बसस्थानकावर खाल्ली. हे मला दुसऱ्या दिवशी तिथल्या पानवाल्याने सांगितले. मीच विचारले होते. सरळगावची गाडी एकच्या सुमारास लागली आणि तो चढला.

फार्महाऊसच्या फाटकाशी असलेले सहावे झाड कोणाचे होते, हे मला अजून कळलेले नाही. पुन्हा तिकडे गेलो नाही.

मार्चच्या शेवटी मी त्याला फोन केला. सुनेने उचलला.

"बाबा राब भाजायला गेलेत, मामा. आले की सांगते."

फोन आला नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाडाच्या मधोमध पिंगट लव दिसली. त्यानंतर आठ दिवसांत पाने उघडली. चौदा. जुन्या अकरांपेक्षा लांब.

जुलैच्या मध्यावर, मंगळवारी सकाळी नऊ वाजता, हे सांगायला मी पुन्हा फोन केला. सुनेने उचलला. पिल्लाला पान आले का, असे मी आधी विचारले. एक आलंय, ती म्हणाली. मग म्हटले, बाबांना दे.



"बाबा राब भाजायला गेलेत," ती म्हणाली.

त्या दिवशी शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांत सलग चौथा दिवस पाऊस होता. टोकावड्याच्या पट्ट्यात आवणी चालू होती.